खळीसकट हुबेहूब

५ सप्टेंबर २००४, रविवार

आज मी मंडळाचा अध्यक्ष झालो. बुजुर्ग शू गेल्या महिन्यात वारले, त्यांच्या जागी. आमच्या खायफंगमध्ये कुठलंही पद तीनदा नको म्हटल्याशिवाय घ्यायचं नसतं, तेव्हा मीही रीतसर तीनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना मनात धाकधूक, आता खरंच दुसऱ्या कुणाला विचारतात की काय! पण नाही. जुन्या नाण्यांच्या मंडळातले झाडून सगळे सभासद टाळ्या वाजवत उभे राहिले. चिटणीस थाओ म्हणाले, "ज्यांच्याकडे चिंगखांग आहे, त्यांच्याशिवाय ही खुर्ची कुणाला शोभणार?"

घरी येऊन बायकोला सांगितलं. छ्याओफंग लोणच्यासाठी लसूण सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे रविवारी आता आणखी उशिरा येणार का तू, म्हाताऱ्या?"

ही वही कारखान्यातून निवृत्त होताना मिळाली होती. सहा वर्षं कोरी पडून होती. अध्यक्षाने रोजनिशी ठेवावी असं वाटलं, म्हणून उघडली.

८ सप्टेंबर

चिंगखांगबद्दल एकदा नीट लिहून ठेवतो. उद्या कुणी विचारलं तर सापडायला हवं.

चिंगखांग ही राजवट वर्षभर जेमतेम टिकली. मग उत्तरेकडच्या फौजांनी याच शहराला वेढा घातला आणि बादशहाला धरून नेलं. एवढ्याशा काळात किती नाणी पाडली असतील? म्हणून ती दुर्मीळ. माझं नाणं त्र्याण्णव साली मिळालं. उत्तर दरवाजापाशी इमारतीचा पाया खणत होते. इथे खोल खणलं की नदीच्या गाळाखाली जुनं शहर लागतंच. तिथला एक मजूर मातीच्या ढेकळात चिकटलेलं नाणं रुमालात बांधून माझ्याकडे आला. मी त्याला बदल्यात शिलाई मशीन दिलं. मशीन छ्याओफंगचं होतं, लग्नातलं. ती अजून मधूनमधून त्याचं नाव काढते, पण बायकांना इतिहास कळत नाही त्याला काय करणार.

बुजुर्ग शूंकडे जुन्या नाण्यांच्या ठशांचं एक जाडजूड पुस्तक होतं, नाण्यावर कागद ठेवून शाईने घेतलेले अगदी मूळ मापाचे ठसे. ते आता अध्यक्ष म्हणून माझ्याकडे आलं आहे. त्यात चिंगखांगचा ठसा आहे. मी भिंगाखाली दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं. अक्षरांची वळणं तीच, कडेची जाडी तीच. इतकंच काय, पुस्तकातल्या नाण्याला 'खांग' अक्षराखाली तांदळाच्या कणीएवढी खळी आहे, ती माझ्या नाण्यालाही आहे, त्याच जागी! यापेक्षा खरेपणाचा आणखी काय पुरावा हवा?

१२ सप्टेंबर, रविवार

अध्यक्ष म्हणून पहिली बैठक. बाजाराच्या वरच्या चहाच्या दुकानात आम्ही जमतो. आज एक शिंपी एक नाणं घेऊन आला. आजोबांचं म्हणाला. परवा ओतून काल पुरलेलं असावं, कळंक नखाने निघत होता. मी ते कापडावर ठेवलं (नाणं आम्ही हातातून हातात देत नाही, खाली ठेवायचं, मग दुसऱ्याने उचलायचं) आणि म्हणालो, "माझी नजर इथवर पोचत नाही." बाकीच्यांनीही तेच म्हटलं. शिंपी समजला, नमस्कार करून गेला. आमच्यात कुणी कुणाच्या वस्तूला बनावट म्हणत नाही. एवढं एक वाक्य म्हटलं की काम होतं आणि कुणाचं मन दुखत नाही.

नंतर थाओंनी पाहुण्यांची ओळख करून दिली. राजधानीचे मोठे संग्राहक, खास माझं चिंगखांग पाहायला आलेले. चांगली दहा मिनिटं त्यांनी ते उलटून पालटून पाहिलं, मग कापडावर ठेवलं आणि म्हणाले, "पांगसाहेब, माझी नजर इथवर पोचत नाही." एवढा जाणता माणूस, पण केवढा विनय! बुजुर्ग शूही नेहमी हेच म्हणायचे.

जिना उतरताना बाजाराच्या भिंतीशी ग्वान दिसला. कापड पसरून बसला होता. समोर गिऱ्हाईक नाही. मी तिकडे पाहिलं नाही.

१३ सप्टेंबर

काल ग्वानचं नाव लिहिलं आणि मग झोप नीट लागली नाही. ते प्रकरण लिहून मोकळा होतो.

ग्वान आणि मी बावीस वर्षं एका फाउंड्रीत होतो. मी लाकडाचे नमुने करायचो, तो ते वाळूत दाबून साचा घ्यायचा आणि ओतायचा. नाण्यांचा नाद मला त्यानेच लावला. पंचाण्णव साली भर बैठकीत मी चिंगखांग आणि पुस्तक शेजारी ठेवून सगळ्यांना खळी दाखवत होतो. हा शेवटच्या खुर्चीतून ओरडला, "खळीसकट हुबेहूब आहे? मग झालं की! बनावट आहे ते." सगळ्यांसमोर! आणि म्हणे खळी आहे म्हणून बनावट. मत्सराने माणसाची बुद्धी कशी फिरते पाहा, साधा युक्तिवादसुद्धा जमेना.

मंडळातून त्याचं नाव काढलं. असभ्य वर्तन, असा कागद थाओंनी लिहिला. पहिली सही माझी, मग सगळ्यांच्या. मंडळाने ज्याला काढलं त्याच्या कापडासमोर आमच्या बाजारात कुणी उकिडवं बसत नाही. नऊ वर्षं झाली. त्याने एकदा माफी मागितली असती तर मी कागद फाडला असता. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको गेली तेव्हाही मी गेलो नाही. माफी मागितली नव्हती ना.

२८ सप्टेंबर

आज चंद्राचा सण. मुलीचा फोन आला. लोणच्याच्या लसणीची आणखी एक बरणी नाहीशी झाली आहे.

"बरणी कुठे गेली?"

"खाल्ली."

"दोघांनी? आठवड्यात?"

"अध्यक्ष झाल्यापासून तुझी भूक वाढली आहे," छ्याओफंग म्हणाली. मला तसं काही वाटत नाही.

मग चंद्राचा केक कापता कापता म्हणाली, "ग्वान चाललाय. दक्षिणेला, मुलाकडे. कायमचा. थंडी पडायच्या आत."

"मला काय त्याचं?"

"काही नाही. सणाच्या दिवशी सांगितलं, इतकंच."

३० सप्टेंबर

मोठी बातमी! सांस्कृतिक सभागृहाच्या लियानबाई स्वतः घरी आल्या. शेवंतीच्या उत्सवात यंदा जुन्या नाण्यांचं प्रदर्शन, आणि मधल्या काचेच्या कपाटात एकट्याने माझं चिंगखांग. पत्रिकेच्या मुखपृष्ठावरही तेच. उद्घाटनाला उपमहापौर येणार. नाणं त्या फोटोसाठी पावती देऊन घेऊन जाणार आहेत, त्याआधी कार्डावर छापायला मला त्याचं नेमकं माप हवं म्हणाल्या.

"मिलिमीटरमध्ये द्या हं पांगकाका. तुम्ही तर मापाचेच माणूस!"

४ ऑक्टोबर

व्हर्नियर लावून नाणं मोजलं. साडेतीस मिलिमीटर. पुस्तकातला ठसा एकतीस आहे. अर्ध्या मिलिमीटरने काय होतं? गाळात नऊशे वर्षं पडलेलं नाणं झिजणारच.

५ ऑक्टोबर

झिजलं असतं तर फक्त कड झिजली असती. आज अक्षरंही मोजली, मधलं चौकोनी भोकही मोजलं. सगळंच थोडं थोडं लहान आहे, सारख्याच हिशेबाने. ठसा घेताना कागद ओला असतो, तो ताणला गेला असेल. हो, कागद ताणतो. लियानबाई दुपारी नाणं घेऊन गेल्या. मी साडेतीस सांगितलं.

७ ऑक्टोबर

दुपारी माळ्यावरून कारखान्यातली पेटी काढली. आत माझी आकसाची पट्टी आहे. वितळलेलं पितळ थंड होताना आकसतं, मीटरमागे पंधरा-सोळा मिलिमीटर. म्हणून नमुने करणाऱ्याची पट्टी मुद्दाम तेवढी लांब आखलेली असते: तिने मोजून लाकूड कापायचं, म्हणजे ओतलेली वस्तू साध्या पट्टीवर बरोबर उतरते. बावीस वर्षं हीच पट्टी माझ्या खिशात होती.

पुस्तकातला ठसा मी आकसाच्या पट्टीने मोजला. साडेतीस.

पुन्हा मोजला. चष्मा पुसून मोजला. साडेतीसच.

म्हणजे पुस्तकातलं ते नाणं कुणीतरी वाळूत दाबलं, साचा घेतला, पितळ ओतलं, आणि ते थंड होताना जेवढं आकसायचं तेवढं आकसलं. खळी हा मूळ नाणं ओतताना झालेला अपघात आहे. एकाचा अपघात दुसऱ्याला त्याच जागी, तेवढाच कसा होईल? खळीसकट हुबेहूब. वाळूत हात घालणारा ग्वान एका नजरेत जे बोलला, ते मला, नमुने करणाऱ्याला, अकरा वर्षं दिसलं नाही. मी कधी मोजलंच नव्हतं. का मोजलं नव्हतं? जे मोजायची भीती वाटते ते माणूस मोजत नाही. हे मला आज नाही, तेव्हाही कुठेतरी ठाऊक असणार.

मग या वहीतली १२ सप्टेंबरची नोंद वाचली. राजधानीचा पाहुणा. बुजुर्ग शू. आणि त्याच दुपारचा शिंपी. सगळे मला सांगत होते आणि मी नमस्कार करत होतो. शरमेने कानशिलं तापली. छ्याओफंगने जेवायला हाक मारली तेव्हा पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

१० ऑक्टोबर, रविवार

ठरवून गेलो होतो. बैठक सुरू होताच उभा राहिलो आणि सांगितलं, "चिंगखांग प्रदर्शनात ठेवण्याच्या लायकीचं नाही."

थाओ हसले. "अध्यक्षसाहेबांचा विनय!" टाळ्या.

"विनय नाही. मी मोजलंय. ते बनावट आहे."

हा शब्द त्या खोलीत नऊ वर्षांनी उच्चारला गेला. कुणीतरी खोकलं. कुणी किटलीचं झाकण उघडून पाणी आहे का पाहिलं. मग सगळ्यांत म्हातारे सभासद म्हणाले, "मोठी माणसं आपल्या वस्तूला नेहमी कमीच लेखतात," आणि पुन्हा टाळ्या. मी पट्टीचं, आकसाचं सगळं समजावून सांगितलं. सगळे माना डोलवत होते, नवीन सुनेचं गाणं ऐकताना डोलवतात तशा.

जिन्यात थाओंना गाठलं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "साहेब, ते नाणं बनावट असेल, तर पंचाण्णवच्या कागदाचं काय? त्यावर आम्हा सगळ्यांच्या सह्या आहेत. आम्ही एका खऱ्या माणसाला खोटं ठरवून बाहेर काढलं, असं म्हणायचं?"

"तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं?"

थाओंनी माझ्या खांद्यावरचा धागा काढून टाकला. "माझी नजर तिथवर पोचत नाही, साहेब."

११ ऑक्टोबर

सभागृहात गेलो. लियानबाईंना म्हणालो, नाणं परत द्या. त्यांचा चेहरा पडला. "पांगकाका, पत्रिका छापून वाटल्यासुद्धा! उपमहापौरांच्या भाषणात तुमचं नाणं आहे. माझी नोकरी घालवता का?" पावतीवर लिहिलेलं दाखवलं: उत्सव संपेपर्यंत वस्तू सभागृहाच्या ताब्यात. खाली माझी सही. सह्या करण्यात मी पहिल्यापासून पुढे.

१७ ऑक्टोबर, रविवार

राजीनामा दिला. नको म्हटलं, मला अध्यक्षपद नको. त्यांनी आग्रह केला. पुन्हा नको म्हटलं. पुन्हा आग्रह. तिसऱ्यांदा म्हटलं. इथवर रीतच आहे, म्हणून चौथ्यांदाही म्हटलं. एवढा नम्र अध्यक्ष मंडळाने पाहिला नव्हता असं ठरलं, आणि मुदत दोन वर्षांनी वाढवली.

आज ग्वानचं कापड भिंतीशी नव्हतं. सामान आवरत असेल.

१८ ऑक्टोबर

उद्घाटन. छातीवर लाल कागदी फूल टाचून मला कपाटाशेजारी उभं केलं. उपमहापौर म्हणाले, "हे आपल्या शहराचं वैभव." काचेआड दिव्याखाली ते चकचकत होतं. खरं जुनं ब्राँझ असं चकाकत नाही. आता दिसतंय तर सगळंच दिसतंय.

गर्दी ओसरल्यावर ग्वान आला. निळा जुना कोट, कारखान्यातला. काचेला नाक लावून बराच वेळ पाहत राहिला. माझ्यापासून दोन हातांवर. मी म्हणणार होतो, तुझं बरोबर होतं. तोंड उघडलं तोच थाओ एका पाहुण्याला घेऊन आले आणि मला हात जोडावे लागले. वळून पाहिलं तर ग्वान दारातून बाहेर पडत होता. उजवा पाय ओढत चालतो आता. हे मला माहीत नव्हतं.

२७ ऑक्टोबर

रोज सकाळी दहा ते बारा मी कपाटाशेजारी उभं राहायचं, अध्यक्ष म्हणून माहिती द्यायची, असं सभागृहाने ठरवलं आहे. दाराबाहेर शेवंतीचे ढीग आणि आत मी. आज एका शिक्षिकेने विचारलं, खरं नाणं ओळखायचं कसं? मी म्हणालो, "मोजून." तिने वहीत लिहून घेतलं. कपाटाची किल्ली लियानबाईंच्या गळ्यात असते.

२ नोव्हेंबर

आज छ्याओफंगला सांगितलं. कोळशाच्या शेगडीवर कांजी ढवळत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"माझं मशीन गेलं त्या हिवाळ्यापासून. ग्वानच्या बायकोने सांगितलं. तो घरी येऊन रडला होता म्हणे, आपल्या पांगला कुणीतरी फसवलं म्हणून. दोन वर्षं धीर गोळा करत होता तुला सांगायला."

"मग तू का बोलली नाहीस?"

"बोलणाऱ्याचं तू काय केलंस ते पाहिलं ना मी."

कांजी उतू गेली. दोघांनी मिळून शेगडी पुसली. मग मी विचारलं, "लसणीच्या बरण्या?"

"एकटा माणूस आहे. स्वतःपुरतं लोणचं कोण घालतं?"

नऊ वर्षं मी त्याच्या माफीची वाट पाहिली. मी किती नालायक आहे हे या वहीत लिहिलं तरी कुणी वाचणार नाही, पण लिहितो.

८ नोव्हेंबर

ग्वान पंचवीस तारखेला जाणार. प्रदर्शन अठराला संपतं. मधे सात दिवस. माझ्या डोक्यात एक गोष्ट आली आहे. शब्दांनी यांचं काही होत नाही. बनावट नाणं आतून ताजं पिवळं असतं. ते उघडं पडलं की नजर न पोचायला जागाच राहणार नाही. मग तो कागद मी सगळ्यांसमोर फाडीन आणि ग्वानला त्याच्या खुर्चीवर नेऊन बसवीन. हे जमलंच पाहिजे.

१८ नोव्हेंबर

कोटाच्या दोन्ही खिशांत एकेक पक्कड घेऊन गेलो.

समारोपाला सगळं मंडळ होतं. लियानबाईंनी कपाट उघडलं, नाणं लाल कापडावर ठेवून माझ्यासमोर धरलं. मी ते उचललं, दोन पकडींत धरलं आणि मोडलं. कट असा आवाज झाला. "बघा," मी म्हणालो, "आत बघा! सोनेरी पिवळं! नऊशे वर्षं जुनं असं असतं?"

कुणीही आत पाहिलं नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते. म्हाताऱ्या सभासदांनी डोळ्यांना रुमाल लावला. लियानबाई किंचाळल्या. थाओंनी दोन्ही तुकडे जमिनीवरून उचलले, कापडात गुंडाळले आणि हळूच म्हणाले, "अरेरे, साहेब! केवढं खरं नाणं होतं हो!"

अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याला खरं म्हणालं.

१९ नोव्हेंबर

थाओ घरी आले, तुकडे आणि सफरचंदं घेऊन. कामाचा ताण, वय, असं काय काय म्हणाले. पलीकडच्या शहरात एक कारागीर आहे, असा जोडतो की सांधा भिंगालाही दिसत नाही, वरून कळंक चढवतो. मंडळ पाठवायला तयार आहे. मी पंचाण्णवचा कागद मागितला. थाओ म्हणाले, "आता तो कशाला? नाणंच राहिलं नाही, तर वाद कशाचा?"

२१ नोव्हेंबर, रविवार

बाजारात लोक बोट दाखवतात. हाच तो पांग, ज्याने खरं चिंगखांग मोडलं! काकडीवाली म्हणाली, "काका, एवढं काय दुःख झालं होतं?" ते बनावट होतं म्हणालो तर तिने छ्याओफंगकडे पाहून मान हलवली, बिचारी म्हणून. मीच आता ते कायमचं खरं करून ठेवलं आहे. मोजायलाही काही उरलं नाही. आणि ग्वान कायमचा खोटा.

परवा तरी जायला हवं. कागदाशिवाय, खुर्चीशिवाय, हात हलवत. त्याच्या दारात उभं राहून काय म्हणणार, हे दिवसभर मनात जुळवत होतो. एकही वाक्य धड जमलं नाही.

२३ नोव्हेंबर

सकाळी गेलो. छ्याओफंगने न सांगता सायकलच्या टोपलीत बरणी ठेवली.

ग्वान चौथ्या मजल्यावर राहतो. दार उघडलं, मला पाहिलं, आणि म्हणाला, "या, अध्यक्षसाहेब. या, बसा."

खोलीत दोन खोकी दोरीने बांधलेली. भिंतीवर त्याच्या बायकोचा काळ्या चौकटीतला फोटो. मी फोटोसमोर तीनदा वाकलो. यजमानाने वाकायचं असतं तसा तोही वाकला. मग चहा केला, दोन्ही हातांनी पेला पुढे केला. "साधा आहे, चालवून घ्या."

मी तुकडे टेबलावर ठेवले. म्हणालो, तुझं बरोबर होतं. म्हणालो, मी पट्टीने मोजलं. सही पहिली माझी होती, वहिनी गेली तेव्हा मी आलो नाही, कागद अजून फाटला नाही आणि आता फाटणार नाही, सगळं सांगितलं. जुळवलेलं काहीच आठवलं नाही, येईल ते बोललो.

ग्वानने चष्मा लावून तुकडे पाहिले, टेबलावर ठेवले. "तुमचं मोठं नुकसान झालं," तो म्हणाला.

"ग्वान, शिव्या दे मला."

"छे छे, असं कसं? तुम्ही पाहुणे. आणखी चहा घ्या ना."

तीन वेळा पेला भरला त्याने. मुलाबद्दल विचारलं, छ्याओफंगबद्दल, मुलीबद्दल विचारलं. उत्तरं ऐकली, मान डोलावली. चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. मला वाटलं, मंडळात बसलोय. शेवटी उठलो. तोही उठला, कोट घातला आणि मला सोडायला निघाला.

बावीस वर्षांत हा माणूस मला सोडायला खुर्चीतून उठला नव्हता. निघतो म्हटलं की वर्तमानपत्राआडून 'हं' म्हणायचा. परक्याला सोडायला चार मजले उतरायचे असतात. तो पाय ओढत, कठड्याला धरून, एकेक पायरी उतरत होता आणि मी म्हणत होतो, राहू दे, राहू दे. "असं कसं," तो म्हणायचा, आणि पुढची पायरी.

खाली वारा बोचरा होता. दारापाशी उभा राहून म्हणाला, "सावकाश जा, अध्यक्षसाहेब." आणि हात हलवायला लागला. पाहुणा कोपऱ्यावरून वळून दिसेनासा होईपर्यंत यजमानाने आत जायचं नसतं.

मी सायकल धरून दहा पावलं गेलो. वळून पाहिलं. हात हलतोय. आणखी दहा पावलं, हात हलतोय. कोपरा आला. हा वळलो की संपलं, परवा त्याची गाडी.

मी थांबलो. सायकल स्टँडवर लावली आणि त्याच्याकडे तोंड करून उभा राहिलो.

तो हात हलवत राहिला. मी हललो नाही. एक बाई कोबी घेऊन आमच्या मधून गेली, परत आली. त्याचा हात जड झाला, मग त्याने तो बदलला. नाकातून पाणी यायला लागलं असावं, बाहीने पुसलं. मी तसाच. किती वेळ झाला कुणास ठाऊक, माझे पाय बधिर झाले होते. मी दिसतोय तोवर त्याला आत जाता येत नव्हतं, आणि मी जाणार नव्हतो.

"सावकाश जा!" तो मोठ्याने म्हणाला.

मी उभाच.

"अहो, जा आता!"

मी उभाच.

"अरे जा की गाढवा!" ग्वान ओरडला, एवढ्या जोरात की वरच्या खिडक्या उघडल्या. "गुडघा मोडला माझा! जन्मभर आंधळा होतास, आता बहिराही झालास काय? नाणं मोडतो म्हणे! नमुनेवाला ना तू? वाळूत दाबून दुसरं ओतलं असतंस तर आणखी अर्धा मिलिमीटर आकसलं असतं, शेजारी ठेवून दाखवता आलं असतं, तेवढीही अक्कल नाही! अन् ती बरणी टोपलीत तशीच घेऊन चाललास परत, ती कुणाच्या बापासाठी आणलीस?"

मी बरणी काढली, सायकल तिथेच सोडली आणि परत गेलो. तो थांबला नाही, वळून जिना चढायला लागला. मी मागून त्याच्या कोपराला हात लावला, त्याने झटकला, मी पुन्हा धरला. दुसऱ्या मजल्यावर तो दम खायला थांबला, माझ्या खांद्यावर भार टाकला आणि पुन्हा सुरू झाला. चौथा मजला आला तरी त्याच्या शिव्या संपल्या नव्हत्या.